हळद आणि चुन्याची निवळी

सांगलीच्या पेठेत हळदीचा वास आला, की माझा तळहात आजही घामेजतो.

लढाईच्या दिवसांत साताऱ्याच्या अध्यापक महाविद्यालयात विज्ञान शिकवण्याच्या जागेसाठी मी शाळेतल्या मुलींपुढे नमुना पाठ घेत होते. मागच्या बाकांवर निवड समिती. मी विधवा, कपाळ मोकळं. तळहातावर हळद घेतली, तेव्हाच समितीतले एक गृहस्थ खाकरले. मी तिच्यावर चुन्याची निवळी टाकली. हळद लालभडक झाली.

"बाई, तुमच्या हातावर कुकू झालं की!" पुढच्या बाकावरची मुलगी ओरडली.

जागा गेली, असंच वाटलं. मूठ मिटावी की हात पुसावा, कळेना. मग तो तसाच उघडा सगळ्यांसमोर धरला आणि विचारलं, "हो, झालं. पण का झालं?"

जागा मिळाली. हात मात्र मी संध्याकाळपर्यंत धुतला नाही.