कानडे डॉक्टरांची अक्षत

रक्त काढून झालं की कानडे डॉक्टर रोग्याला हात जोडून नमस्कार करायचे. म्हातारा असो की शेंबडं पोर, नमस्कार ठरलेला. नळदुर्गजवळच्या आमच्या गावात मी शाळामास्तर होतो. दवाखान्याला लागूनच खोली होती, त्यामुळे ही गंमत मला रोज फुकटात बघायला मिळे.

सत्तावन्न साली फ्लूची साथ आली. डॉक्टरांनी तापलेल्या माणसांचं रक्त काढून, बर्फाच्या थर्मासमधून पुण्याच्या प्रयोगशाळेकडे पाठवलं. तापात कुणी नाही म्हटलं नाही. पण दोन-तीन आठवड्यांनी, बरं झाल्यावर, त्याच माणसांचं रक्त पुन्हा हवं होतं. तापाशी लढणारं द्रव्य रक्तात किती वाढलं, हे दोन्ही वेळचं रक्त ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. "पहिलं रक्त म्हणजे अर्धा निरोप, मास्तर," ते म्हणत. "उरलेला नाही मिळाला तर पहिलाही मातीत." आणि गाव म्हणत होतं, "आता काय झालंय आमाला? धडधाकट माणसाचं रगत कशाला काढताव?"

डॉक्टर हट्टाचे पक्के. मानानं बोलावलं तर येतील, म्हणून त्यांनी तांदळाला कुंकू लावलं आणि रक्त दिलेल्यांच्या घरोघर अक्षत द्यायला निघाले. "सोमवारी सकाळी दवाखान्यात या," एवढं म्हणेपर्यंत "येताव की, येताव!" असं उत्तर येई, हातावर गुळाचा खडा पडे आणि पुढचं वाक्य राहून जाई. संध्याकाळी मला म्हणाले, "गाव फार शहाणं आहे हो. मी उगीच शंका घेतली."

चाळिशीला टेकलेला बिनलग्नाचा माणूस कुंकवाची अक्षत घेऊन दारात आला, तर लोकांनी दुसरं काय समजावं? आईबाप नाहीत म्हणून बिचारा स्वतःच आमंत्रणं करतोय, असं म्हणून बायका हळहळल्याही. सोमवारी नवे फेटे, इरकली लुगडी, आहेराचे नारळ आणि पुढे हलगी असं सगळं वऱ्हाड दवाखान्यात हजर! "नवरी कुठं हाय?" डॉक्टर सिरिंज हातात धरून उंबऱ्यात उभे, तोंड उतरलेलं. त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. कुजबूज झाली. दोघंचौघं चपला शोधू लागले. डॉक्टरांची सगळी मेहनत वाया जाते की काय, म्हणून माझा जीव टांगणीला लागला.

तेवढ्यात बैजाबाई पुढं आल्या. साथीत त्या मरता मरता वाचल्या होत्या, डॉक्टर तासन्‌तास त्यांच्या उशाशी बसले होते. बैजाबाईंनी बांगड्या वर सारल्या. "अक्षत घेतलीया न्हवं? मग तशीच माघारी जाताव व्हय? काढा हो रगत. लगीन काय, पुढं लावूच तुमचं!"

एकच हशा उसळला. हलगी वाजत राहिली, एकेक बाही वर होत गेली आणि नमस्कार करून करून डॉक्टरांची कंबर धरली. इतका आनंदाचा दिवस मी त्या गावात दुसरा पाहिला नाही.

निकाल आला तसे डॉक्टर अनवाणीच बैजाबाईंच्या ओसरीवर धावले. मीही मागोमाग.

"मावशी, ते लढणारं द्रव्य तुमच्या रक्तात सगळ्यांपेक्षा जास्त वाढलंय. तापाला तुमच्या रक्तानं हरवलं!"

"मंजी तुमी बरं केलं न्हाय व्हय मला?"

"मी कुठलं? मी नुसता शेजारी बसलो होतो."

बैजाबाईंनी आपला सुरकुतलेला दंड न्याहाळला. "लढलं आसंल रगत," त्या म्हणाल्या. "पर तुमी बसला हुता, म्हून त्याला जोर आला."

डॉक्टरांनी त्यांना हात जोडून नमस्कार केला, या वेळी रक्त न काढताच.