लखमीबायचा चुडा

लखमीबाय काचेचा तुकडा हातात आला की आधी दातावर वाजवून बघायची. जव्हारच्या पेठेत आमचं बांगड्यांचं दुकान होतं. मण्यांसाठी फुटक्या काचा न्यायला ती जामसरहून यायची. मी तेव्हा नवी सून. तिचं ते दातावर वाजवणं पाहून मला हसू आवरेना. ती शांतपणे म्हणाली, "हास गो बाय. पन काच लबाड हाय. दाताला तेवढं खोटं नाय सांगत."

मणी करायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. मोखाड्याच्या बाजारात एक मणेरी भट्टी मांडून बसायचा. त्यानं बाईमाणसाला शिकवायला साफ नकार दिला, म्हणून ही समोर बसून नुसती बघत राहिली. घरी येऊन मातीची भट्टी केली, बांबूच्या नळीनं फुंकली, बोटं भाजून घेतली. मणी निवताना तडकायचे. ते भाताच्या तुसाच्या गरम राखेत पुरून सावकाश निववायचे, हे तिचं तिनंच शोधून काढलं. पण बाजारात नव्यानं येऊ लागलेली पातळ, चकचकीत काच त्यालाही दाद देईना. "नवी काच उतावळी हाय," ती म्हणायची.

जुन्या जाड काचेचा एकच चुडा उरला होता, तो तिच्या हातात. नवऱ्यानं तो आमच्याच दुकानात भरवला होता. पुढे नवरा लाकडाच्या गाड्यांबरोबर नाशिककडे गेला आणि परतलाच नाही. मेल्याची बातमी नाही, जिवंत असल्याचा निरोप नाही. भट्टीवर बसताना ती मनगटांना चिंध्या गुंडाळायची, चुड्याला धक्का लागू नये म्हणून.

तिच्या लेकीची दोन मुलं झोळीतच गेली. तिसरी गंगी, तीही खंगायला लागली. लखमीबायनं दृष्टीचा मणी करून तिच्या मनगटाला बांधला. सकाळी पाहिलं तर मणी तडकलेला. पाड्यावर आनंदीआनंद झाला, नजर मण्यावर गेली, पोर वाचली म्हणून. शेजारणी तसलेच तडकणारे मणी मागू लागल्या. लखमीबायच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. मणी नजरेनं नव्हे, काचेच्या खोटीनं तडकला हे तिला ठाऊक होतं. म्हणजे पोरीच्या अंगावर राखण उरलीच नव्हती. तिनं दुसरा केला, पुन्हा केला, सगळे तडकले. गंगी दूध ओढेनाशी झाली.

ती दुकानात आली तेव्हा तिच्याकडे पाहवत नव्हतं. जुनी काच द्या म्हणून तिनं सासऱ्यांचे पाय धरले. त्यांनी पेट्या उपसून दाखवल्या, पण नसलेलं आणणार कुठून? ती पायरीवर जाऊन बसली आणि तिनं हात दगडावर टेकला. मला काय ते कळलं. मी धावत जाऊन तिचं मनगट धरलं. नवरा जिवंत असला तर, असं मी विचारलं.

"तो मोठा हाय बाय. त्याचं तो बघील. ही पोर केवढीशी हाय."

तिनं हात सोडवून घेतला आणि चुडा दगडावर आपटला. रक्ताळलेले तुकडे तिनं एकूणएक वेचले, पदरात बांधले आणि गेली.

त्या काचेचा मणी साबूत निघाला. गंगी जगली. मण्यामुळे की तिचं आयुष्य होतं म्हणून, ते देव जाणे. पण तिच्या दिरांनी गावभर केलं, हिनं जित्या नवऱ्याला मारलं. त्या दिवसापासून ती रांडव ठरली. तिनंच केलेल्या मण्यांची पोत नवरीच्या गळ्यात पडायची आणि ती मांडवाबाहेर लाकडं फोडत असायची. मला संताप यायचा. ती मात्र नाशिककडून येणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला नवऱ्याची खूण सांगून विचारायची. "हात उघडा केला, वाट नाय सोडली," म्हणायची.

ती गेल्याचं कळलं तशी मी हिरवा चुडा घेऊन जामसर गाठलं. अंगणातल्या बायकांनी मला अडवलं. रांडवेला चुडा कसला भरतेस, म्हणाल्या. गंगी तेव्हा लेकुरवाळी झाली होती. कडेवरचं मूल आईकडे देऊन ती पुढे आली.

"माझ्या आज्याचं मढं कुनी बघलंय? सांगा."

बायका बाजूला झाल्या. मी लखमीबायचा गार हात मांडीवर घेतला आणि बांगड्या भरायला बसले.