आमच्याकडे 'पुन्हा या' म्हणत नाहीत

आमच्या गाळ्यातली प्रत्येक वस्तू बाहेर जाते आणि परत येते. व्हीलचेअर जाते, येते. वॉकर जातो, येतो. किस्से तेवढे साठत चाललेत, ते काही कुणी नेत नाही! म्हटलं, चला, आज तुमच्याच गळ्यात मारते.

भाईंदर पूर्वेला आमची छोटीशी संस्था आहे. लोक आजारपणातलं सामान दान देतात, आम्ही ते गरजूंना फुकट वापरायला देतो. गाळा मेहताबेनचा. मिस्टरांचं दुकान बंद झाल्यावर त्यांनी तो आम्हाला असाच देऊन टाकला. सामान द्यायला-घ्यायला मी आणि शिर्केकाका. मी शाळेतून रिटायर झालेली, काका साडीच्या दुकानातून. जन्मभर त्यांनी गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडल्या, आणि आमची सगळी गंमत तिथूनच सुरू होते.

*

काका नवे होते तेव्हाची गोष्ट. एकजण वडिलांचा बेड परत करायला आला. वडील बरे होऊन हिंडू-फिरू लागले होते, पोरगा खुशीत होता. काकांनी बेड उतरवून घेतला, हात जोडले आणि सवयीनं म्हणाले, "पुन्हा या हं!"

पोरगा दारातच थबकला. "काका, तुम्ही लई चांगले आहात. पण नको!"

तेव्हापासून आमच्याकडे एकच नियम. बाकी काय वाटेल ते बोला, 'पुन्हा या' म्हणायचं नाही.

*

हिराबाई भाईंदर गावातल्या. सगळी हयात मासे विकण्यात गेलेली. घसरून पडल्या, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतायत वॉकर धरून चाला, आणि बाई उठायलाच तयार नाहीत. शेवटी सून त्यांना रिक्षात घालून गाळ्यात घेऊन आली.

सून अगदी रडकुंडीला आलेली. "बाजारातली जागा रिकामी पडलीय ताई. आनखी थोडे दिवस गेले तर दुसरी कोन तरी बसंल तिथं. त्या जागेवरच जीव हाय हिचा."

"मी न्हाय धरनार तो वॉकर," हिराबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "गावात बोलतील, हिरी म्हातारी झाली." मग गाळ्यात येऊन बसलेल्या मेहताबेनकडे बघून आणखीच आक्रसल्या. "आनि आमच्या कपड्याला मावऱ्याचा वास हाय. मी भायेरच बरी."

आमच्या मेहताबेन कांदासुद्धा खात नाहीत. पण पुढे होऊन त्यांनीच खुर्ची सरकवली. "बसा ने मावशी! वास येईल तर माझ्या नाकाला येईल, तुमच्या पायाला काय?"

आणि मग काका सुरू झाले. "घेऊ नका हो मावशी, नुसतं बघा. बघायला काय जातंय? हा बघा, एकदम हलका. ह्याची मूठ बघा, हात लावून बघा, किती मऊ! ग्रेमध्ये पण आहे." एकेक वॉकर पुढे येत होता, बाई मान फिरवत होत्या. शेवटचा काढला आणि काकांनी तो लगेच मागे सारला. "हा राहू दे. हा तुम्हाला नाही झेपायचा."

"का न्हाय झेपायचा?" हिराबाई कडाडल्या. "दाव इकडं!"

आणि धरून उभ्या राहिल्या!

*

हाटकेशला एक वर्कशॉपवाले आहेत. आई गेल्यावर त्यांनी नवी कोरी व्हीलचेअर दिली. पाठीवर ठळक अक्षरांत रंगवून आणलेलं, 'स्वर्गवासी मातोश्रींच्या स्मरणार्थ'.

ती न्यायला आलेल्या बाईंनी मागून वाचलं आणि हात काढून घेतला. "अहो, आमचे हे बसणार ह्यात! बिल्डिंगभर फिरवायचं, आणि मागे स्वर्गवासी?"

आता हे दात्याला सांगायचं कसं? मी भीत भीत फोन केला. पलीकडे तो गृहस्थ असा हसला! संध्याकाळी स्वतः रंगाचा डबा घेऊन हजर. सगळं खरवडलं आणि लिहिलं, 'आईकडून'.

हल्ली लोक येऊन विचारतात, "ती आईवाली खुर्ची आहे का?" मला दर वेळी भरून येतं. कोण कुठली ती माउली, आणि किती जणांना मांडीवर घेतेय.

*

चेण्याला एका आजोबांसाठी बेड पोचवायचा होता. टेम्पो गल्लीच्या तोंडाशीच अडकला. आम्ही काही म्हणायच्या आत गावातले चौघे पुढे आले. बेड खांद्यावर, त्यावर पांढऱ्या चादरीत गुंडाळलेली गादी, पुढे काका, मागे मी.

एक बाइकवाला थांबला, हेल्मेट काढून त्यानं हात जोडले. किराणावाला उठून उभा राहिला. काकांच्या डोक्यात प्रकाश पडला तसे ते ओरडत सुटले, "अरे काही नाही झालेलं! पेशंट घरी चहा पितोय!"

आजोबांना सांगितलं तर हसता हसता ठसका लागला. "चौघांनी खांदा दिला आणि वर मी नव्हतो! असं नशीब कुणाचं?"

*

हिराबाईंचा वॉकर मात्र घरी गेल्यावर कोपऱ्यात उभा राहिला. मग काकांनी रोज फोन लावायला सुरुवात केली. आज दारापर्यंत. आज देवळापर्यंत. फोनमधून शिव्या मला ऐकू यायच्या. "तू तुझ्या साड्या इक रे! माझ्या पायांच्या मागं का लागलाय?" पुढे तिकडून फोन उचलणंच बंद झालं. बाजारातली जागा गेली असणार, असं मनात यायचं.

मग एका सकाळी गाळ्यासमोर गर्दी बाजूला झाली. हिराबाई. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर उलटा ठेवलेला वॉकर, दोन्ही हात मोकळे.

त्यांनी वॉकर उतरवून काकांसमोर ठेवला आणि पदरानं घाम पुसला. मेहताबेनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी कसंबसं म्हटलं, "बसा मावशी, चहा घ्या."

"बसाला टाइम कुठं हाय? मावरं तसंच ठेवून आलीय बाजारात!"

आणि निघाल्यासुद्धा. काका पायऱ्या उतरून रस्त्यापर्यंत धावले. "अहो मावशी, हळू! हळू चाला!"