सासूबाईंच्या पसंतीचा सांधा

गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या सुताराला त्याच्या सासूबाई वीस वर्षं ‘खिळेमार’ म्हणत, कारण त्याच्या दोन स्टुलांनी त्यांना जमीन दाखवली होती. यंदा मात्र तो इरेला पेटला. वेताच्या बैठकीचं छोटंसं स्टूल करायचं, पण सांधा असा हवा की सासूबाईंनी बघत राहावं आणि त्या बसल्यावर त्याने हूं की चूं करू नये.

आठ दिवस तो सांध्यांचे नमुने बायकोपुढे नाचवत होता. “हा देखणा आहे, पण आई बसली की उघडेल. आणि हा टिकेल, पण तुरुंगाच्या दारासारखा दिसतो,” ती म्हणायची. शेवटी त्याने आडव्या पट्टीचं टोक पायातून आरपार बाहेर काढलं आणि त्यात काळ्या लाकडाची पाचर ठोकली. फिक्या लाकडावर काळी रेघ, जणू काजळच घातलंय!

सासूबाई बसल्या. सांधा तसूभर हलला नाही. वेत मात्र फाटला आणि सासूबाई चौकटीत घट्ट रुतल्या.

“अहो, बघत काय बसलात? करवत आणा!” बायको ओरडली.

त्याने करवत आणली खरी, पण हात धजेना. तेवढ्यात सासूबाईंनी वाकून सांध्यावरून बोट फिरवलं.

“जावईबापू, हे तुम्ही केलंत?”

“हो.”

“मग खबरदार करवत लावाल तर! दोन दिवस जेवत नाही मी. बारीक होऊन आपोआप निघेन.”

सुताराला गहिवरून आलं. आपणही उपाशी राहणार, असं त्याने तिथेच जाहीर केलं. बायकोने निमूटपणे एकटीपुरतं ताट वाढून घेतलं.