भागाकाकूंची चौकशी

भागाकाकूंबरोबर लातूरच्या गोलाई बाजारात जायचं, तर अख्खी संध्याकाळ मोकळी ठेवूनच निघावं लागे. दर चार दुकानांमागे त्या थांबत. झारा उलटासुलटा करून पाहत, बांगड्यांचा भाव विचारत आणि काहीही न घेता पुढे निघत. देवणीहून थोरल्या मुलाकडे, म्हणजे आमच्या शेजारी राहायला आलेल्या या बाईंना जगाची भारी उठाठेव, असं गल्लीत सगळेच म्हणत. मीही म्हणे.

एकदा त्या चक्क बंद दुकानासमोर थांबल्या. मला हसू आवरेना. "काकू, शटरमध्ये काय बघताय?"

"बगायचं काय त्यात? चाललं की पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो. लोकात लंगडावं कशाला, म्हून दुकानं बगून राहिले."

मी त्यांना दवाखान्यात नेलं. तिथे पायाच्या अंगठ्यावर जखमही निघाली. पाय गार पडतात म्हणून काकूंनी ते तापल्या विटेवर शेकले होते, आणि भाजल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. पायाकडे रक्त नेणारी वाहिनी अरुंद झाली होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तंबाखू खाता का?"

"न्हाई बाई. उभ्या जल्मात खाल्ली न्हाई." इतकं ठणकावून सांगितलं की मीसुद्धा मान डोलावली.

बारीक नळीतून फुगा घालून ती वाहिनी उघडली, औषधं सुरू झाली, तरी जखम भरेना. अशीच राहिली तर पाय काढावा लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रिक्षात काकू म्हणाल्या, "मला देवणीला जायचं हाय गं. तिथली धाकटी सून जेवण खाटंवर आणून दील. पर गाई खाटंपाशी येतील व्हय?"

पुढच्या तपासणीला आम्ही भल्या सकाळी निघालो. दवाखान्याच्या नळापाशी काकूंनी डबी काढली आणि काळी पूड दातांवरून फिरवू लागल्या. मी दचकलेच. "काकू, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच की!"

"ही खायची थोडीच हाय? दातं घासायची. थुकते की मी."

काकू खोटं बोलल्याच नव्हत्या. आमच्याकडे तंबाखू पुरुष खातात. बायका नुसती मिश्री लावतात.

आत गेल्यावर काकूंनी स्वतःच डबी टेबलावर ठेवली. "बाई, दाताला लावलेली पायात कशी जाती? मधी एवढं पोट हाय की."

डॉक्टरीणबाई हसल्या. मग समजावून सांगितलं, की हिरड्यांतून ती रक्तात उतरते, वाहिन्या आवळते, आणि दाताचं रक्त वेगळं, पायाचं वेगळं असं काही नसतं. काकू डोळे बारीक करून ऐकत होत्या. "आस्सं! मंग तपकीर बी जाती? आन् कानात तेल घातलं तर?" बाहेरचे पेशंट खोळंबले होते. मीच काकूंना उठवलं.

डबी तिथेच राहिली. मिश्रीविना पुढचे दिवस वाईट गेले. डोकं ठणके, सुनेवर खेकसत, दिवसभर बडीशेप चघळत. पण रोज आरसा धरून तळवे बघत, बोटांच्या बेचक्या कोरड्या करत, घरातही चप्पल घालत. पोटरी धरेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, असा नेम धरला. आता थांबल्या की दुकानदाराला उघड सांगत, "पायाला दम देऊन राहिले बाबा." जखम सावकाश भरली आणि काकू देवणीला गेल्या. तिथे दिसेल त्या बाईला म्हणत, "तंबाखू न्हाई म्हणू नगंस, मिश्री लावतीस का ते सांग."

मागच्या वर्षी त्या हृदयविकाराने गेल्या. आम्ही देवणीला पोचलो तेव्हा धाकटी सून रडत सांगत होती, "सकाळी गोठ्यातून आल्या, चा मागितला, आन् बसल्या त्या बसल्याच." दाराशी त्यांच्या चपला होत्या. दोन्ही चपलांना लागलेलं सकाळचं शेण अजून ओलं होतं. ते पाहून मला रडू फुटलं, आणि रडता रडता बरंही वाटलं.