पडद्यावर आलेली ओळ

धम्मप्रियाचं काम ऐकणाऱ्याला पटकन कळत नसे. अहमदपूरला घरी गेली की आई विचारायची, "तू नेमकं करतीस काय गं दिवसभर?"

"लोक क्लासची वेबसाइट बघतात ना आई, किती जणांनी बघितली, कुठल्या गावातून बघितली, काय वाचलं, ते आपोआप मोजलं जातं. ते आकडे मालकाला समजतील असे चित्रात मांडून द्यायचे."

"म्हणजे कोण डोकावून गेलं ते सांगायचं," आई म्हणायची, आणि धम्मप्रिया हसून "हाव, तेच" म्हणायची.

लातूरला उमाशंकरच्या छोट्याशा जाहिरात कंपनीत ती कामाला होती. गिऱ्हाईकं बहुतेक क्लासवालेच, डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेची तयारी करून घेणारे. हात चलाख, डोकं शांत, त्यामुळं अवघड काम आलं की उमाशंकर तिच्याच टेबलाशी येई. याचा तिला अभिमान होता, आणि तो लपतही नसे.

त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या क्लासनं नांदेडला नवी शाखा काढली. उद्घाटनाला स्टेजमागं मोठा पडदा लावून त्यावर वेबसाइटचा चालू रिपोर्ट दाखवायचा, अशी संचालकांची इच्छा होती. "सगळा मराठवाडा आपल्याकडं बघून राहिलाय, हे पालकांना दिसू द्या," ते म्हणाले.

तोवर धम्मप्रिया आकडे हातानं उतरवून महिन्याचा रिपोर्ट करत असे. आता वेबसाइटची मोजणी थेट रिपोर्टच्या सॉफ्टवेअरला जोडायची होती. खातं निवडलं, परवानगी दिली, कुठले रकाने हवेत ते ठरवलं: गाव, तारीख, जाहिरात, उघडलेलं पान. दुपारभरात नकाशावर ठिपके उमटायला लागले. ऑफिसातल्यांनी येऊन कौतुक केलं.

खालच्या तक्त्यात मात्र काही पानांचे इंटरनेटवरचे पत्ते फार लांब दिसत होते. क्लासच्या वेबसाइटवर चौकशीसाठी नाव, गाव आणि मजकूर लिहायची सोय होती. ती आधी कुणीतरी ढिसाळपणे केलेली. माणूस जे लिहून पाठवेल ते सगळं पुढच्या पानाच्या पत्त्याला शेपटासारखं चिकटायचं, आणि मोजणीत तो पत्ता जसाच्या तसा नोंदला जायचा.

शेजारच्या टेबलावरची अक्षरा वाकून बघत म्हणाली, "ताई, यात लोकांची नावं दिसून राहिलीत की."

धम्मप्रियालाही ती दिसली होती. "पानांचे पत्ते कोण वाचतंय?" ती म्हणाली. "खालीच राहतील ते. कार्यक्रम झाला की साफ करते."

नांदेडला हॉल गच्च भरला होता. नव्या शाखेच्या पहिल्या बॅचची मुलंमुली पुढच्या रांगांत, पालक मागं. पडद्यावर नकाशा आला, देगलूर, रेणापूर, उदगीर अशी नावं झळकली, टाळ्या पडल्या. संचालक रंगात आले. "खाली घ्या, खाली घ्या," ते माइकवरून म्हणाले, "लोक काय काय बघतात तेही दाखवा."

कडेला अक्षरासोबत लॅपटॉप घेऊन बसलेल्या धम्मप्रियानं सवयीनं तक्ता खाली सरकवला.

भिंतीएवढ्या पडद्यावर मधोमध एक लांब ओळ आली. इंग्रजी अक्षरांत, पण मराठी. आधी नाव, ग्यानोबा, आडनावासकट. मग गाव, रेणापूर. आणि पुढं: मुलगी दोनदा नापास झाली, कुणाशी बोलत नाही, नीट जेवत नाही, परत प्रवेश मिळेल का, तिला न सांगता फोन करा.

पुढच्या रांगेतल्या कुणीतरी ती अक्षरं जुळवत मोठ्यानं वाचलं. "रेणापूरची म्हणजे पुनम ना?" दुसरं कुणी म्हणालं. माना वळल्या. एक मुलगी उभी राहिली. तिनं पडद्याकडं बघितलं, मग मागं पालकांच्या खुर्च्यांकडं, बॅग उचलली आणि रांगेतून गुडघे चुकवत बाहेर गेली. मागं एक पांढऱ्या शर्टातला माणूस खाली मान घालून बसून होता. त्याला उठायला वेळ लागला.

धम्मप्रियाचा हात बटणावर तसाच होता. लॅपटॉप उमाशंकरनं येऊन मिटला. "थोडा टेक्निकल प्रॉब्लेम," तो माइकवर म्हणाला.

लातूरला परतताना गाडीत तो म्हणाला, "कुणी विचारलं तर सिस्टीमची चूक म्हणायचं." तिनं मान हलवली. आपल्याला हे आधी दिसलं होतं, एवढं वाक्य तिच्या तोंडून निघालं नाही. मागच्या सीटवर अक्षरा खिडकीबाहेर बघत होती. तिनं एकदाही पुढं बघितलं नाही, आणि तेच धम्मप्रियाला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तिनं जोडणी तोडली, चौकशीचं पान दुरुस्त करून घेतलं. क्लासमधून कळलं, पुनम हॉस्टेल सोडून घरी गेली. तेव्हा रविवारी धम्मप्रिया रेणापूरला गेली.

ग्यानोबांनी तिला ओळखलं नाही. क्लासकडून आलेल्या बाई समजून त्यांनी खुर्ची दिली, पाणी आणलं. तिनं नाव सांगितलं, काम सांगितलं. तरी ते तिलाच समजावू लागले. "माझंच चुकलं म्याडम. मला वाटलं, आपण लिहिलेलं एका माणसाकडं जातंय. पोरगी म्हणती, अण्णा, तुम्ही माझी गाऱ्हाणी जगभर सांगत सुटलात."

"काका, तुम्ही एकाच माणसाला लिहिलं होतं," धम्मप्रिया म्हणाली. "चव्हाट्यावर मी आणलं. मला ती नावं आधीच दिसली होती. बरोबरच्या मुलीनं सांगितलंही होतं. मी म्हणाले, कोण वाचतंय."

"दिसली होती?"

"हाव."

मघापासून ग्यानोबा पाहुणी म्हणून तिच्याशी बोलत होते, ते आता तिच्याकडं बघेनात.

आतल्या दारात पुनम उभी होती. ती कधी आली ते कळलं नव्हतं. "अण्णांनी लिहिलेलं तुम्ही वाचलं होतं आधी?"

"वाचलं होतं."

"काय वाटलं तुम्हाला?"

धम्मप्रियाला खोटं बोलता आलं असतं. वाईट वाटलं म्हटलं असतं तर कुणी तपासायला येणार नव्हतं. "काहीच नाही वाटलं," ती म्हणाली. "मला तो नुसता लांब पत्ता दिसला."

पुनम दारातून पुढं आली. "अजून कुणाकुणाचं होतं त्यात?"

"होते काही जण."

"त्यांच्याकडं गेलात?"

"नाही."

"का? ते हॉलमधी नव्हते म्हणून?"

उत्तराची वाट न बघता पुनम आत गेली. चहा आला होता, तो धम्मप्रियानं मान खाली घालून प्यायला, कारण टाकून उठणं त्याहून वाईट दिसलं असतं.

सोमवारी तिनं उमाशंकरला सांगितलं, की ज्यांची नावं रिपोर्टात आली त्या सगळ्यांना ती फोन करणार आहे. तो वैतागला. "त्यांना माहीतबी नाही. उगं कशाला उकरतीस? गिऱ्हाईक जाईल हातचं."

"माहीत नाही म्हणूनच सांगायचंय. चूक माझी म्हणून सांगते, कंपनीची नाही." मग सगळ्यांसमोर अक्षराकडं वळून म्हणाली, "तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही."

क्लासकडून नंबर मागून घेतले आणि तिनं ऑफिसातूनच फोन लावले. काहींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एकानं शिव्या दिल्या, त्या तिनं शेवटपर्यंत ऐकल्या. देगलूरच्या पार्वतम्मांना वाटलं नातवाला प्रवेश मिळाला म्हणूनच फोन आलाय; त्या आनंदानं तेलुगूत घरातल्यांना हाका मारायला लागल्या. त्यांना थांबवून सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. "म्हणजे आमच्या लेकराचं समद्यांनी वाचलं म्हणा की," त्या म्हणाल्या.

महिन्याअखेर क्लासनं काम काढून घेतलं. उमाशंकरनं तिला काढलं नाही, पण अवघड काम घेऊन तो तिच्या टेबलाशी येईनासा झाला. तिनंही मागितलं नाही.

दिवाळीच्या सुमारास ग्यानोबांचाच फोन आला. पुनमनं 'नीट'चा नाद सोडून बीएस्सीला नाव घातलं होतं.

"बोलती का घरात?" धम्मप्रियानं भीतभीत विचारलं.

"आईशी बोलती. माझ्याशी न्हाई अजून." ते थोडं थांबले. "एक इचारायचं होतं. ते मी लिहिलेलं आता कुठंच न्हाई ना?"

"आमच्या रिपोर्टातून काढलंय काका. मोजणीच्या जुन्या नोंदीतूनही पुसायला लावलंय. पण त्या दिवशी हॉलमध्ये कुणी मोबाइलवर फोटो काढला असेल, तर ते मला सांगता येणार नाही."

"बरं," ग्यानोबा म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.