दिवसाचं पाणी

विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकलो आणि लातूरला सौरऊर्जेच्या कामात नोकरी लागली. डाळमिलच्या पत्र्यांवर पॅनल बसवायचे, ते नीट चालतात का बघायचं, हे माझं काम. दिवसा चालणाऱ्या मिलला उन्हाची वीज मिळाली की तेवढा कोळसा जळायचा वाचतो आणि मालकाचं बिलही उतरतं, हे मी व्यापाऱ्यांना रोज समजावून सांगतो. त्यात देशाचंही भलं आहे, असं मला मनापासून वाटतं. पण मुखेडजवळच्या आमच्या रानात हीच गोष्ट माझ्या वडिलांना, आबांना, पटवायला मला फार दिवस लागले.

आमच्या विहिरीवरची मोटार काकांची. त्यांचं रान भिजलं की मग आमची पाळी. लाईट एक आठवडा दिवसा असायची, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात आबा बॅटरी घेऊन पाणी धरायला जायचे आणि ते परत येईपर्यंत माय भिंतीला टेकून बसून राहायची. गेल्या हिवाळ्यात आबा अंधारात बांधावरून घसरले, मनगट मोडलं. तेव्हापासून मायची झोपच गेली. लाईट दिवसाची असली तरी ती दचकून उठायची आणि आबांच्या अंथरुणाकडे बघायची.

मग मी सरकारी योजनेतून सौरपंपाचा अर्ज भरला. आबा म्हणाले, "आभाळ आल्यावर काय करायचं? काकाच्या मोटारीला न्हाई म्हणून बसलो तर परत कोणत्या तोंडानं मागू?" मी म्हटलं, एक हिवाळा बघा, नाही जमलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही.

पंप बसला, चांगला चालला आणि येळवस आली. मार्गशीर्षातली ही अमावस्या आमच्याकडे रानातच करतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा झाली की ज्वारीच्या पिठाची आंबट आंबील उभ्या पिकावर शिंपडत फिरायचं. मग पालेभाज्या-शेंगांची भज्जी आणि बाजरीचे उंडे खाऊन, आंबील पिऊन कोपीच्या सावलीत पडायचं.

यंदा काकांनाही जेवायला बोलावलं होतं. जेवणं झाल्यावर ते मिशी पुसत म्हणाले, "दादा, तुमचं ते उन्हाचं यंत्र दाखवा की. लई ऐकून राहिलो."

आबांनी ऐटीत बटण दाबलं. पाइपातून करंगळीएवढी धार आली. आम्ही वाट बघितली. धार तेवढीच.

"काय ओ दादा," काका म्हणाले, "सूर्याला बी भारनियमन हाय का?"

सगळे हसले, आबाही हसले. पण नंतर धारेकडे बघत हळूच म्हणाले, "हरभरा फुलावर हाय. पुढच्या आठवड्यात तुमच्याच मोटारीवर येतो."

पुढचा आठवडा रात्रीच्या लाईटचा होता. माय उष्टी भांडी गोळा करत होती, ती तिथंच थांबली.

मी पॅनलजवळ गेलो. खालच्या कडेची सगळी रांग पांढरी झाली होती. घट्ट आंबील उन्हात वाळून पापुद्रा धरला होता आणि त्यावर हळदकुंकवाची बोटं. खालची रांग झाकली गेली की तिच्याशी एका साखळीत जोडलेल्या वरच्या भागाचीही वीज घटते. रोज फडकं फिरवायला मी आबांना सांगितलं होतं, मायला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

ती माझ्या मागं येऊन उभी राहिली. "पिकाला घातली, बैलांना पाजली. मग म्हटलं, ह्याला कशी उपाशी ठेवू? ह्याच्यामुळंच तर तुझा बाप घरी निजायला लागलाय." मग काचेकडे बघून बारीक आवाजात म्हणाली, "मीच केलं का रे हे?"

पॅनलच्या खांबाला अडकवलेलं फडकं मी काढलं. मी म्हटलं, "माय, पोट जरा जास्त भरलंय त्याचं. धुतलं की होतंय."

आबांनी ऐकलं होतं. त्यांनी बादली भरून आणली आणि माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं. जे मनगट मोडलं होतं त्याच हातानं ते काच पुसत राहिले, बैल धुतात तसं सावकाश, कडेकडेनं. "अगं, नैवेद्य दाखवायचा असतो," ते मायला म्हणाले, "आंघोळ घालायची नसती."

"दाखवून ह्याला कळतंय व्हय?" ती म्हणाली. तेव्हा कुठं तिच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं.

काका कंबरेवर हात ठेवून बघत होते. बटण दाबल्यावर पाणी जोरात हौदात पडलं आणि दांडातून हरभऱ्याकडे निघालं. काकांनी डोळे बारीक करून दांडातलं पाणी न्याहाळलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "बापू, मोटार असलेल्याला बी देतात का रे हे?"

मी म्हटलं, नियम विचारून सांगतो. आणि खरंच विचारणार होतो. कॉलेजात धोरण हा शब्द आम्ही परीक्षेपुरता शिकलो. आता तो शब्द ऐकला की मला काकांची ती बारीक झालेली नजर आठवते.

पुढच्या आठवड्यात मी रजा काढून घरीच राहिलो. आबांनी बॅटरीला हात लावला नाही. आठवड्यातल्या एका सकाळी मी उठलो तेव्हा ऊन पार उंबऱ्याच्या आत आलं होतं. आबा चुलीपुढं बसून स्वतःच चहा करत होते, आधण उतू चाललेलं.

मी विचारलं, "माय कुठंय?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि आतल्या खोलीकडे हात केला. पांघरूण डोक्यावरून घेऊन माय गाढ झोपली होती.